फुल बाह्यांच्या टी-शर्टाचा खिसा

शशिकलाबाईंनी लग्नाला नकार दिला असता तर त्यांच्या थोरल्या भावाला, केशवरावांना, काय काय मिळत राहणार होतं, याचा हिशेब मी गुरुवारी दुपारी मटार सोलता सोलता मांडला. सकाळी सहाचा चहा. दोन वेळचा गरम स्वयंपाक, त्यात रात्रीची भाकरी तव्यावरून थेट ताटात. कडक इस्त्रीचे लेंगे. एका हातावर रक्तदाबाची गोळी, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. शिवाय चारचौघांत ‘विधवा बहिणीला मीच सांभाळतो’ म्हणायचा मान, तो वरकड. होकार आला असता तर ही सगळी दौलत कराडहून उठून साताऱ्याला, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये यायची होती. एवढं हातचं कोण सोडतो? केशवराव रविवारी बहिणीला घेऊन येणार होते ते नकार द्यायलाच, हे मला त्यांच्या फोनवरच्या गोड आवाजावरून कळून चुकलं होतं.

माझाही यात स्वार्थ होता, लपवत नाही. समोरच्या फ्लॅटमध्ये माझे धाकटे दीर राहत. दामोदर खटावकर, सरकारी जमीन-मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले मोजणीदार. जाऊबाई जाऊन सहा वर्षं झाली होती आणि तेवढीच वर्षं त्यांचा रात्रीचा डबा माझ्या ओट्यावरून त्यांच्या टेबलावर जात होता. माणूस सोन्यासारखा. पण सोन्यालाही भाजीत मीठ कमी पडलेलं चालत नाही.

त्यांची आणि शशिकलाबाईंची गाठ पडली ती माझ्या भाचीच्या लग्नात. बाई कराडच्या मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवून निवृत्त झालेल्या. पंगतीत दोघं शेजारी बसली आणि बोलणं निघालं ते शिवणीला आत किती कापड सोडावं यावर. भावोजी म्हणाले, बांधालाही तसंच सोडावं लागतं, नाहीतर पुढच्या पिढीत उसवतो. जिलबी येऊन गेली, दोघांना पत्ता नाही. त्यानंतर दर रविवारी संध्याकाळी फोन, असे आठ महिने. दार उघडं असलं की मला ऐकू यायचं ते भावोजींचं “हं... हं... बरोबर... किती इंच?” एवढंच. बोलायच्या त्या. हे ऐकायचे.

तर मटार अर्धे झाले असतील, तोच भावोजी दारात. हातात फाडलेलं पार्सल.

“वहिनी, अबोलीने हे काय पाठवलंय बघा. यात काहीतरी राहून गेलंय.”

अबोली म्हणजे त्यांची मुलगी, बंगळुरूला असते. पार्सलमध्ये तीन टी-शर्ट होते, तिन्ही फुल बाह्यांचे. एक गडद निळा, एक मरून, एक सायीच्या रंगाचा. कापड असं मऊ की मी मटाराचे हात पदराला पुसून मग लावले.

“काय राहिलंय?”

“कॉलर नाही. बटणं नाहीत. खिसा नाही. पैसे मात्र पूर्ण घेतले असतील.”

“भावोजी, टी-शर्ट आहेत ते.”

“टी-शर्टला अर्ध्या बाह्या असतात.”

“याला पूर्ण आहेत. थंडीला बरं.”

“मग शर्टच का नाही पाठवला?”

याचं उत्तर चिठ्ठीत होतं. अबोलीने लिहिलं होतं, ‘बाबा, रविवारी चौकड्यांचा बुशशर्ट घालायचा नाही. त्यात तुम्ही पाहुण्यांकडे नाही, मोजणीला आल्यासारखे दिसता. हे टी-शर्ट म्हणजे कपाटातला पाया आहे. निळा नुसता घाला, राखाडी पँटवर, बाहेर सोडून. खोचायचा नाही. बाह्या कोपराच्या जरा खाली सरकवा. मरून आत घालून वर एखादा शर्ट उघडा ठेवा, जॅकेटसारखा. सायीचा तुमच्या बिनबाह्यांच्या जाकिटाखाली. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर आली पाहिजे, बाही मनगटाच्या हाडाशी संपली पाहिजे. आत बनियन दिसता कामा नये. आणि बाबा, घाबरू नका.’

शेवटचं वाक्य मी मोठ्याने वाचलं नाही.

“म्हणजे हा कपड्यातला बटाटा झाला,” मी म्हटलं. “स्वतःचा तोरा नाही, पण कशातही घाला, मेजवानी होते.”

भावोजींनी चिठ्ठी घेतली, पुन्हा वाचली, आणि ‘कोपराच्या जरा खाली’ या शब्दांखाली रेघ मारली. “जरा म्हणजे किती?” ते म्हणाले. “हे मोघम आहे.”

शुक्रवारी रंगीत तालीम झाली. निळा टी-शर्ट घालून ते आमच्याकडे आले. टी-शर्ट पँटमध्ये खोचलेला, पँट छातीला भिडलेली, वर पट्टा, आणि गळ्यातून बाह्यांच्या बनियनचा पांढरा काठ डोकावतोय. आमचे हे तेव्हा हयात होते, पण अशा प्रसंगी ते वर्तमानपत्राच्या आड हयात असत. त्यांनी वर्तमानपत्र चार बोटं खाली केलं, धाकट्या भावाला पाहिलं आणि पुन्हा वर केलं.

“दादा काही बोलला नाही,” भावोजी म्हणाले.

“तोंड बांधलेलं पोतं दिसताय, म्हणून. बाहेर काढा तो. आणि बनियन बिनबाह्यांचं घाला.”

ते आत जाऊन आले. आता टी-शर्ट बाहेर होता. मी बाह्या सरकवायला गेले तर म्हणाले, “थांबा,” आणि त्यांचा हात सवयीने छातीवर गेला. तिथे काही नव्हतं. हात तसाच फिरत राहिला, दिवे गेल्यावर माणूस काडेपेटी चाचपडतो तसा. त्या बुशशर्टाच्या खिशात त्यांचा सगळा संसार असायचा. निळं पेन, लाल पेन, सहा इंची पोलादी पट्टी, चष्मा, गोळ्यांची पट्टी, बसचा पास. पट्टी शोधत होते ते. शेवटी घरून आणली आणि कोपराखाली दोन इंच मोजून बाही सरकवली, मग दुसरी.

मी चार पावलं मागे सरले. सांगते, मला हसू यायचं होतं आणि आलं नाही. हातात घड्याळ, मनगटं मोकळी, खांदे सरळ. चाळीस वर्षं शेतातून उन्हात हिंडलेला माणूस, त्याचे हात बघण्यासारखे होते, आणि बुशशर्टाच्या रुंद बाह्यांतून ते नुसते लोंबकळल्यासारखे वाटत. या टी-शर्टाने ते हात नीट खांद्याला लावून दाखवले. एवढंच काम त्या कपड्याचं. माणूस आहे तेवढाच दाखवायचा, पण पुसून.

“चांगले दिसताय,” मी म्हटलं.

“खिसा नाही पण.”

“एक दिवस नाही खिसा, तर काय बिघडतं?”

“खिशाशिवाय मला बोलता येत नाही, वहिनी.”

मला ती लहर वाटली. म्हाताऱ्यांना असतात.

शनिवारी ते दोन तास गायब होते. रविवारी पावणेचारला, पाहुणे यायला पंधरा मिनिटं असताना, ते समोर येऊन उभे राहिले, तेव्हा दोन तासांचा हिशेब लागला. निळ्या मऊ टी-शर्टावर, डाव्या छातीवर, चौकड्यांच्या कापडाचा खिसा. त्यांच्याच जुन्या बुशशर्टाचा. चारही बाजूंनी अशी कडक शिलाई मारलेली की भोवतीचा टी-शर्ट तोंडात आंबट गेल्यासारखा आवळला होता. आणि खिसा रिकामा नव्हता. दोन्ही पेनं, पट्टी, चष्मा, सगळा संसार परत आला होता, त्याच्या भाराने टी-शर्ट एका अंगाला झुकला होता.

“भावोजी, हे काय?”

“खिसा.”

“ते दिसतंय मला. कोणी केलं?”

“मुरली टेलरने. तोही म्हणाला, असला कपडा कशाला शिवतात लोक. तिन्हींना लावून दिला.”

मी कपाळाला हात लावला. “बदला. जा, बुशशर्ट तरी घाला.”

“बुशशर्ट चालणार नाही, अबोलीने लिहिलंय.” आणि ते सोफ्यावर बसले, बाह्या मोजून दोन इंच खाली, हात खिशावर ठेवून, राष्ट्रगीताला उभं राहावं तसे ताठ.

बेल वाजली.

केशवराव पुढे होते. साखर कारखान्याच्या भांडारातून निवृत्त झालेले, आणि निवृत्त झाल्याचं नजरेला कोणी सांगितलं नव्हतं. आत येताना त्यांनी आमच्या घरातल्या वस्तू डोळ्यांनी मोजून घेतल्या. मागे शशिकलाबाई, करड्या सुती साडीत, केस घट्ट बांधलेले, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी भावोजींकडे बघितलं आणि लगेच खिशाकडे. तोंडावर काही दिसू दिलं नाही. शिक्षिका ती.

पोहे दिले. भावोजींनी द्यायचे, असं मी ठरवलं होतं, कारण बघायला आले होते ते त्यांना. त्यांनी बशा नीट दिल्या, फक्त वाकताना पट्टी खिशातून सटकली आणि केशवरावांच्या पोह्यांत उभी राहिली.

केशवरावांनी ती दोन बोटांनी काढून परत दिली. “या वयात टी-शर्ट,” ते गोड आवाजात म्हणाले. “आणि टी-शर्टला खिसा. नवी पद्धत आहे वाटतं साताऱ्यात?”

भावोजींनी पट्टी पुसून परत खिशात ठेवली.

“खोबरं घेता का अजून?” मी म्हटलं.

“नको, वहिनी. मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आमची शशी आता साठीला आली. आयुष्यभर शाळेत राबली. या वयात तिला कुणाच्या घरी रांधा-वाढायला पाठवायचं, हे भाऊ म्हणून मला पटत नाही.”

“खरं आहे,” मी म्हटलं. “तुमच्याकडे स्वयंपाकाला कोण असतं?”

“माझ्याकडे? माझ्याकडे शशीच असते. पण ते घरचं.”

“हो का? आणि लेंगे कोण धुतं?”

“वहिनी, ते...”

“विचारतायत त्या, दादा,” शशिकलाबाई बशीतून मान वर न करता म्हणाल्या. “सांग ना.”

आमच्या ह्यांच्या वर्तमानपत्रामागून खोकल्यासारखा आवाज आला. पण केशवराव भांडारातले गडी, एका वारात पडणारे नव्हते. ते भावोजींकडे वळले. “खटावकर, तुम्हीच सांगा. आठ महिने फोन चाललेत. तुमचं म्हणणं काय ते तरी कळू दे. बहिणीला तुम्ही काय देणार?”

सरळ प्रश्न होता. सगळं इथेच ठरणार होतं, हे मलाही कळत होतं आणि त्या घरातल्या भिंतींनाही. एक वाक्य पुरे होतं. सांभाळीन म्हणा, सोबत हवी म्हणा, काहीही म्हणा. भावोजींचा चेहरा लाल झाला. हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला. ते म्हणाले, “मी... असं आहे की... दहा बाय चौदा...” आणि थांबले.

“काय दहा बाय चौदा?” केशवरावांनी बशी खाली ठेवली. आता ते उठणार, आभार मानणार, आणि कराडची साडेपाचची बस गाठणार. मी मनात माझ्या पुढच्या दहा वर्षांच्या पोळ्या लाटल्या.

उठल्या त्या शशिकलाबाई. पिशवीतून चष्मा काढला, डोळ्यांना लावला आणि थेट भावोजींसमोर जाऊन उभ्या राहिल्या. ते घाईने उभे राहिले. बाईंनी खिशाचा कोपरा चिमटीत धरला.

“कोणी शिवलाय हा?”

“मुरली टेलर. मोती चौक.”

“त्याने आयुष्यात टेरिकॉटशिवाय काही शिवलेलं नाही. हे स्वेटरसारखं विणलेलं कापड आहे, याला गोल टोकाची सुई लागते. याने साधी सुई घातली. प्रत्येक टाक्याला धागा तुटलाय बघा. दोन धुण्यांत चाळण होईल.” त्यांनी पिशवीतून लहान कात्री काढली. “चांगल्या टी-शर्टाची माती केली. उसवते मी. आधी यातलं सगळं बाहेर काढा.”

भावोजींनी खिशावर हात ठेवला.

“काढा ना.”

त्यांनी निळं पेन काढलं. लाल पेन. पोह्यांची पट्टी. चष्मा, गोळ्या, पास. टीपॉयवर ओळीने मांडलं.

“अजून आहे काहीतरी,” बाई म्हणाल्या. खिसा अजून फुगलेला होता.

“ते नंतर.”

“नंतर कधी? दादा निघालाय.”

भावोजींनी माझ्याकडे बघितलं. मग दोन बोटं खिशात घालून चौकोनी घडीचा कागद काढला आणि बाईंच्या हातात दिला. द्यायचा तसा दिला नाही, गुन्हा कबूल करावा तसा दिला.

बाईंनी घडी उलगडली. मी मागून डोकावले. मुळात मी डोकावण्यासाठीच तिथे होते.

नकाशा होता. त्यांच्या फ्लॅटचा. एका फुटाला पाव इंच, असं खाली लिहिलेलं. निळ्या शाईने भिंती, दारं कुठल्या बाजूला उघडतात त्याच्या कमानी, वर कोपऱ्यात उत्तर दाखवणारा बाण. बाहेरची खोली, दहा बाय चौदा. उत्तरेच्या खिडकीपाशी एक खुर्ची होती, तिच्यावर लाल शाईने काट मारलेली. काट मारलेल्या खुर्चीच्या जागी एक आयत, आणि त्यात लिहिलेलं: ‘शिवणयंत्र. उत्तरेचा उजेड, दिवसभर सारखा, डोळ्यांवर तिरीप येत नाही.’ शेजारी ‘कापड बेतण्याचे टेबल, सहा बाय तीन.’ भिंतीवर ‘दोऱ्यांची फळी, हात पुरेल इतक्या उंचीवर. उंची समक्ष मोजून.’

स्वयंपाकघरात एकच ओळ होती. ‘येथे बदल नाही. डब्याची सोय आहे.’

बाईंनी आयतातली ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, “मी तुम्हाला मशीनचं कधी सांगितलं?”

“जुलैत. दुसऱ्या रविवारी.” भावोजींचा आवाज आता ठीक निघत होता. “तुम्ही म्हणालात, मशीन स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी ठेवलंय, त्यावर पिठाचे डबे ठेवतात, म्हणून दोन वर्षं उघडलं नाही. मग तुम्ही पावसाचं बोललात.”

केशवरावांनी छताकडे बघितलं. पिठाचे डबे कोणी ठेवले होते, ते सांगायची गरज नव्हती.

“हे काय आहे खाली?” बाईंनी कागदाच्या तळाशी बोट ठेवलं.

तिथे नेहमीच्या सरकारी मजकुरासारख्या दोन ओळी होत्या. ‘हद्दी मान्य. लगतधारकाची सही.’ आणि पुढे ठिपक्यांची रेघ.

लगतधारक म्हणजे शेजारच्या जमिनीचा मालक. मोजणी झाली की त्याची सही घेतात, या रेघेपर्यंत तुझं, इथून माझं, दोघांना कबूल. एवढं मलाही ठाऊक होतं, छत्तीस वर्षं या घरात काढल्यावर.

“असं लिहायची पद्धत आहे,” भावोजी म्हणाले. “दुसरं कसं लिहितात ते मला येत नाही.”

“एक मिनिट,” केशवराव उठले. आवाजातली साखर संपली होती. “कागदावर चित्रं काढून लग्नं होत नाहीत. माझी याला हरकत आहे.”

आणि मग आमचे भावोजी, ज्यांच्या तोंडून इतका वेळ ‘दहा बाय चौदा’ यापलीकडे काही निघालं नव्हतं, ते शांतपणे म्हणाले, “हरकत लगतधारकाला घेता येते, केशवराव. तुम्ही कराडला आहात.”

वर्तमानपत्र खाली आलं. आमचे हे उघडपणे हसत होते. छत्तीस वर्षांच्या संसारात ते दृश्य मी तीनदा पाहिलं असेल.

शशिकलाबाईही हसल्या. मग टीपॉयवरून लाल पेन उचललं, आणि मला वाटलं, झाली सही. पण शिक्षिका कागद तपासल्याशिवाय सही करते थोडीच.

“मशीन दोन आहेत माझी,” त्या म्हणाल्या. “एक शिलाईचं, एक कडा बांधायचं.”

भावोजींनी नकाशा घेतला, पट्टी लावली. “मग टेबल पूर्वेला सरकवू. पाच बाय तीन चालेल?”

“साडेपाच. साडीच्या फॉलला लांबी लागते.”

“साडेपाच बसेल. पण मग दार पूर्ण उघडणार नाही.”

“कुठपर्यंत उघडेल?”

“आपण दोघं जाऊ शकू,” भावोजी म्हणाले. “एकामागून एक.”

“पुरे झालं,” बाई म्हणाल्या, आणि ठिपक्यांच्या रेघेवर सही केली. पूर्ण नाव लिहिलं. शाळेच्या हजेरीवर करावी तशी, स्वच्छ.

त्यानंतर त्यांनी खिसा उसवायला घेतला, टी-शर्ट भावोजींच्या अंगावर असतानाच. “हलू नका, टोचेल.” भावोजी मोजणीच्या दांड्यासारखे उभे. बाईंचं डोकं त्यांच्या हनुवटीखाली, कात्रीचं टोक एकेक टाका उचलतंय. सगळे टाके निघायला वीस मिनिटं लागली. लागली म्हणजे, लावली. मी शिवणकाम केलंय, ते काम सात मिनिटांचं आहे. केशवराव एवढा वेळ खिडकीतून रिक्षा स्टँड बघत होते आणि मी त्यांना पुन्हा पोहे दिले. माणूस हरला म्हणून उपाशी पाठवू नये.

“चांगले झालेत,” ते बशी घेऊन म्हणाले. “मटार ताजे दिसतायत.”

“सोपे असतात पोहे,” मी म्हटलं. “कृती लिहून देऊ?”

त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग म्हणाले, “द्या.”

रजिस्टर लग्नाला महिन्याची नोटीस लागते. कार्यालयाच्या फळ्यावर ती लावली, हरकती मागवल्या, आल्या नाहीत. माघात लग्न झालं. साक्षीदार तीन लागतात. आम्ही दोघं आणि तिसरे केशवराव, त्यांनी सही करताना पेन भावोजींकडूनच मागून घेतलं. भावोजी सायीच्या टी-शर्टात होते, वर करडं जाकीट, खिशाच्या जागी नुसती मऊ छाती, भोकं बाईंनी आतून जाळी भरून बुजवलेली. पण लोक बघत होते ते बाईंकडे. त्यांनी मरून टी-शर्ट घेतला होता, बाजूंनी शिवण आत घेऊन अंगासरसा केला होता, आणि काळ्या काठाच्या सायरंगी इरकलीवर ब्लाउजच्या जागी घातला होता. बाह्या मनगटापर्यंत, वर एकच सोन्याची बांगडी. न आवळणारं, न उसवणारं, थंडीत शाल न मागणारं. आमच्या इमारतीतल्या सहा बायकांनी तिथल्या तिथे विचारलं, कुठून शिवलं म्हणून. पुढच्या डिसेंबरात मीही सुती साडीवर काळा घालायला लागले, आणि आता अर्धी सोसायटी थंडीत तशीच हिंडते.

अबोली आली होती. बापाला पाठमोरा बघून मला म्हणाली, “काकू, बाबांनी बाह्या किती छान सरकवल्यात.”

“दोन इंच,” मी म्हटलं.

बारा वर्षं झाली याला. आता बेरीज केली तर कोणी काय भरलं, ते असं निघतं. अबोलीने तीन टी-शर्ट आणि कुरिअर. मुरली टेलरने थोडी अब्रू भरली, कारण शशिकलाबाईंनी त्याला दुकानात जाऊन सुयांचं पाकीट दिलं आणि कसं वापरायचं तेही उभ्या गिऱ्हाइकांसमोर सांगितलं. आता तो टी-शर्ट नीट दुरुस्त करतो, म्हणजे त्याचं वसूल झालं. केशवरावांनी दोन महिने खानावळीची आमटी भरली, मग कुकर घेतला, मग हट्टाला पेटले. हल्ली येताना स्वतः केलेली भरली वांगी आणतात आणि मी चाखेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत बसतात. चांगली असतात, पण मी एकदम सांगत नाही. समोर दोघं मिळून रांधायला लागली, माझा डबा बंद झाला, आणि मी काय भरलं, ते मला वर्षभराने कळलं: संध्याकाळी सात वाजले की उगाच दोन पोळ्या जास्त व्हायच्या आणि समोरच्या दारातून मशीनचा आवाज यायचा, त्यात मला बोलवायचं कोणाला सुचायचं नाही. मग मी न बोलावता जायला लागले.

सगळ्यांत जास्त भरलं भावोजींनी. उत्तरेच्या खिडकीतली ती खुर्ची तीस वर्षांची होती. नोकरीत असतानाही सुट्टीचा दिवस ते तिथे काढत, खालचा गुलमोहर आणि रिक्षावाल्यांची भांडणं बघत. आता तिथे दोन मशीन आहेत आणि खुर्ची आतल्या भिंतीला टेकलेली. तिथून ना झाड दिसतं, ना रस्ता. मी एकदा म्हटलंसुद्धा, “भावोजी, हक्काची जागा गेली की तुमची.”

त्यांनी मशीनवर वाकलेल्या पाठीकडे बघितलं, खिडकीच्या उजेडात. “मोजून दिली आहे,” ते म्हणाले, आणि दोरा ओवायची सुई त्यांच्याकडे आली होती, ती ओवायला घेतली.

इतक्या जणांत सगळ्यांत मोठी रक्कम त्यांची, आणि कुरकुर न करता भरलेली तेवढी एकच.